'ईआर', 'ट्वेंटी-फोर' आणि एक कारकून

अमेरिकन सिरियलचा विषय निघाला की आमच्या ऑफिसात दोन तट पडायचे. एक 'ट्वेंटी-फोर'वाल्यांचा, दुसरा 'ईआर'वाल्यांचा. दुसऱ्या तटात बहुतेक वेळा मी एकटाच. जेवणाच्या सुट्टीत वाद रंगला की शेवटी मला ऐकवलं जायचं, "तू पडलास कारकून, तुला नियमाने चालणारी माणसंच आवडणार!" आरोप खरा आहे. तरी एकदा माझी बाजू नीट मांडावी म्हणतो.

ईआर म्हणजे इमर्जन्सी रूम, आपली कॅज्युअल्टी. 'जुरासिक पार्क'वाला मायकल क्रायटन मुळात हार्वर्डमध्ये डॉक्टरकी शिकलेला. विद्यार्थी असताना जे पाहिलं त्यावरून त्याने १९७४ साली एक पटकथा लिहिली. ती वीस वर्षं तशीच पडून राहिली. शेवटी १९९४ च्या सप्टेंबरात एनबीसीवर तिची सिरियल झाली आणि २००९ पर्यंत पंधरा पर्वं, ३३१ भाग चालली.

शिकागोतलं एक काल्पनिक सरकारी हॉस्पिटल. स्ट्रेचर आत येतं, कॅमेरा त्याच्याबरोबर धावतो, डॉक्टर औषधांची नावं ओरडतात. कोणी थांबून आपल्याला काही समजावून सांगत नाही. मला निम्मे शब्द कळायचे नाहीत, पण नर्सच्या चेहऱ्याकडे बघितलं की पेशंट वाचणार की नाही ते कळायचं. आपल्या सिरियलीतला डॉक्टर स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून घरच्या भानगडी निस्तरत असतो. इथली माणसं आधी काम करतात, भानगडी कामातून वेळ मिळाला तर. कामाचं एवढं खरं चित्र मी टीव्हीवर पहिल्यांदाच बघितलं.

त्याचा मला उपयोगही झाला. काही वर्षांमागे वडील न्हाणीत घसरले, मनगट मोडलं. रात्री कॅज्युअल्टीत नेलं. आमच्या मागून एक अपघातातला मुलगा आला आणि त्याला आधी आत घेतलं. मग आणखी एकाला. माझा धाकटा भाऊ असा भडकला की डॉक्टरच्या अंगावर जायचाच काय तो बाकी होता. मी त्याला हाताला धरून बसवलं. आधी कोण आला याला तिथे महत्त्व नसतं, कोणाचा जीव आधी जाईल ते बघावं लागतं, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. 'ईआर'मध्ये शंभरदा बघितलं होतं, एवढंच. (वडील तेवढा वेळ शांत होते. बोंब आम्हीच मारत होतो.)

पहिल्याच पर्वात, १९९५ च्या मार्चमध्ये दाखवलेला एक भाग आहे, 'लव्हज लेबर लॉस्ट'. एक गरोदर बाई किरकोळ वाटणारी तक्रार घेऊन येते. डॉ. मार्क ग्रीन हा तिथला सर्वांत भरवशाचा डॉक्टर. तो तिला लघवीच्या जंतुसंसर्गाचं औषध देऊन घरी पाठवतो. दुखणं वेगळंच असतं. ती परत येते आणि मग त्या एका खोलीत तासन् तास जे चालतं ते बघवत नाही. मूल वाचतं, आई जात्ये. ग्रीन वाईट माणूस नाही, आळशी नाही, त्याची चूक झाली. आणि ती चूक सिरियल विसरत नाही, पुढे कोर्टकज्जाही होतो. हा भाग लिहिणारा लान्स जेंटाइल स्वतः अशा विभागात काम केलेला डॉक्टर होता, ते जाणवतं.

आता 'ट्वेंटी-फोर'. ६ नोव्हेंबर २००१ ला, म्हणजे न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर दोन महिन्यांच्या आत सुरू झाली. एका दिवसाची गोष्ट चोवीस भागांत, एक भाग म्हणजे एक तास, मध्ये मध्ये पडद्यावर घड्याळ. कल्पना अफलातून, वेग तर विचारू नका. पण जॅक बावर दर पर्वात कायदा मोडतो, पकडलेल्या माणसाचे हाल करतो आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतो. का ठरणार नाही? गुन्हेगार कोण ते लेखकाला आधीच ठाऊक आहे! जॅकला ती खात्री लेखकाने फुकटात दिली. मार्क ग्रीनला मात्र दिली नाही. माझं भांडण एवढंच आहे.

आणि हे भांडण माझ्यासारख्या कारकुनाचंच नव्हे. २००६ च्या नोव्हेंबरात वेस्ट पॉइंट या अमेरिकेच्या लष्करी अकादमीचे ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन मुद्दाम निर्मात्यांना भेटायला गेले होते. आमची पोरं हे बघून छळ म्हणजे देशकार्य समजू लागलीत, हे जरा आवरा, असं त्यांचं म्हणणं. ज्याच्या नावाने सिरियल टाळ्या घेत होती, त्या लष्करातलाच माणूस हे सांगत होता. आमच्या ऑफिसात मात्र "असाच माणूस पाहिजे आपल्याकडे" हे वाक्य मी कितीदा ऐकलं त्याची गणती नाही. बोलणारे सगळे सेवानियमांचं पुस्तक टेबलाच्या खणात ठेवणारे, आणि स्वतःच्या बढतीत एक नियम चुकला तर अर्जावर अर्ज करणारे.

'हाउस'बद्दलही पुष्कळजण विचारतात. तो शेरलॉक होम्सच आहे, पांढरा कोट टाळणारा. घराचा नंबरसुद्धा २२१ बी. ह्यू लॉरीसाठी अवश्य बघा. कोडं म्हणून झकास, हॉस्पिटल म्हणून खरं नाही.

गंमत म्हणजे २०२५ च्या जानेवारीत आलेल्या 'द पिट'ने दोन्ही तटांची सोय केली. पिट्सबर्गची कॅज्युअल्टी, सकाळी सातला सुरू झालेली पंधरा तासांची एक पाळी, भाग पंधरा, दर भागाला एक तास. 'ट्वेंटी-फोर'चं घड्याळ 'ईआर'च्या भिंतीवर आणून टांगलं म्हणा ना. आणि त्यातला मुख्य डॉक्टर कोण, तर नोआ वाइली, जो 'ईआर'मध्ये जॉन कार्टर नावाचा घाबरट विद्यार्थी होता. आमच्या घरी तो दिसताच सौ. म्हणाली, "अहो, हा तोच ना? काय म्हातारा झाला!" त्याच सप्टेंबरात त्याला एमी मिळालं, सिरियललाही मिळालं.

पंधरा पर्वं बघायला कोणाला सवड आहे? 'ईआर'चं पहिलं पर्व बघा, पुरे. 'ट्वेंटी-फोर'चंही पहिलंच बघा, कारण त्याच्या शेवटच्या तासात घड्याळ जॅकलासुद्धा सोडत नाही. काय होतं ते सांगत नाही. त्यानंतरची सात पर्वं आमच्या ऑफिसवाल्यांसाठी ठेवा.