कंडरा खेळाडूची, निवड कोणाची?

ऑगस्ट २०२३ मध्ये विनेश फोगाट हिच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर वर्षाच्या आतच ती पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. वजनाच्या प्रश्नावरून पुढे जे घडले त्याची चर्चा देशभर झाली. त्याआधीच्या वर्षाची मात्र फारशी झाली नाही. त्यामुळे तालुक्याच्या मैदानावर गुडघा दुखावलेल्या मुलाच्या पालकांची अशी समजूत होऊन बसते की, 'लिगामेंट' तुटले, ते डॉक्टरांनी शिवले, आता मुलगा पुढच्या हंगामात खेळणार. वस्तुस्थिती तशी नाही.

गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगी यांना जोडणारे दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना ओलांडून जातात. त्यांपैकी पुढचा नडगीला पुढे सरकू देत नाही आणि पाय रोवून अंग वळवताना सांधा सावरून धरतो. कबड्डीतील चढाईपटू एका पायावर गर्रकन वळतो तेव्हा मोठा ताण याच दोरीवर येतो. ती एकदा पूर्ण तुटली की सहसा आपोआप सांधत नाही, आणि नुसते टाके घालण्याचे जुने प्रयत्नही फारसे टिकले नाहीत. म्हणून तिच्या जागी दुसरी दोरी ओवावी लागते, आणि ही दोरी बहुधा खेळाडूच्याच शरीरातून काढलेली कंडरा असते. एक उणीव भरून काढण्यासाठी दुसरी पत्करण्याचा हा व्यवहार आहे. तो ज्याच्या पायाशी होतो त्याला विचारून व्हावा, एवढेच प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचा मधला तिसरा हिस्सा, दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे ठेवून, काढण्याची पद्धत जुनी आहे. हाडात हाड लवकर रुजते, त्यामुळे जोरकस वळणांच्या खेळातील तरुणांसाठी अनेक शल्यविशारद तिलाच पसंती देतात. परंतु गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखणे आणि गुडघा टेकताना कळ येणे, ही तिची किंमत असते. मांडीच्या मागच्या बाजूच्या, म्हणजे 'हॅमस्ट्रिंग'च्या, कंडरा दुमडून चारपदरी दोरी करता येते. त्यात गुडघा टेकण्याचा त्रास कमी. मात्र कंडरा हाडात रुजायला अधिक काळ लागतो, पाय पूर्ण दुमडण्याची ताकद थोडी घटते, आणि दोरीची जाडी ८ मिलिमीटरहून कमी भरली तर कोवळ्या वयाच्या खेळाडूंत ती पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो. वाटीच्या वरची जाड कंडरा घेण्याकडे अलीकडे कल वाढला आहे. तिथे मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद परत यायला वेळ लागतो. राहता राहिली मृत दात्याची कंडरा. स्वतःच्या शरीराला दुसरी जखम नको म्हणून ती मोहक वाटते; पण अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ती तुटण्याची शक्यता स्वतःच्या कंडरेच्या सुमारे चौपट आढळली, आणि सर्वांत वाईट अनुभव तरुणांचाच होता.

आता हे आपल्या मैदानावर आणून पाहावे. मल्लाचा निम्मा खेळ गुडघे टेकून चालतो. वाटीखालची कंडरा दिलेला मल्ल मॅटवर गुडघा टेकताना अंग चोरू लागला, तर शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे कागदावर लिहून काय उपयोग? खो-खोतला खेळाडू उकिडवा बसतो आणि 'खो' मिळताच उसळून धावतो. त्याच्या मांडीच्या मागच्या कंडरा काढण्यापूर्वी दहादा विचार करायला हवा. हे प्रश्न परदेशी पाठ्यपुस्तकात सापडणार नाहीत, कारण ती फुटबॉल आणि स्कीइंग डोळ्यांपुढे ठेवून लिहिली जातात. खेळाडूला आणि त्याच्या प्रशिक्षकाला मात्र त्यांची उत्तरे ठाऊक असतात. त्यांना विचारले जात नाही, इतकेच.

शल्यविशारदाचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे ती त्याने निवडावी, यात गैर काही नाही. बिनसरावाच्या हाताने केलेली उत्तम पद्धत रुग्णाला परवडणारी नसते. परंतु 'मी नेहमी हेच करतो' आणि 'तुझ्या खेळाला हेच योग्य' ही दोन निराळी वाक्ये आहेत. १९८०च्या दशकात कार्बनच्या, डॅक्रॉनच्या कृत्रिम दोऱ्यांचा मोठा गाजावाजा झाला होता. लवकर मैदानात उतरता येईल हेच त्यांचे आकर्षण होते; पुढे त्या झिजल्या, त्यांच्या कणांनी सांधे सुजले, आणि बहुतेक ठिकाणी त्या सोडून द्याव्या लागल्या.

घाईचे हे आकर्षण आजही ओसरलेले नाही. रोवलेल्या कंडरेत नव्याने रक्तवाहिन्या शिराव्या लागतात आणि मधल्या काही महिन्यांत ती उलट दुबळी असते. नेमका याच काळात दुखणे थांबलेले असते आणि खेळाडूला आपण बरे झालो असे वाटू लागते! २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वे व अमेरिकेतील अभ्यासात, पुनरागमन नऊ महिन्यांपर्यंत जितके लांबवले तितका धोका घटला; दर महिन्यामागे सुमारे निम्म्याने. कंडरा कितीही विचाराने निवडली तरी निवडचाचणी पाचव्या महिन्यात असेल तर ती निवड वाया जाते. आणि आपल्याकडे निवडचाचणी म्हणजे केवळ खेळ नव्हे. क्रीडागुण, पोलिसातली किंवा रेल्वेतली नोकरी, घरातला पहिला पगार तिला टांगलेला असतो.

तेव्हा संमतिपत्रकावर कोणती कंडरा, कोठून आणि कोणत्या कारणासाठी घेणार, हे मराठीत लिहिलेले असावे आणि सही करण्यापूर्वी ते खेळाडूला वाचून दाखवावे. जिल्हा संघटनांनी जखमी खेळाडूची जागा एक हंगाम राखून ठेवावी आणि विमा उतरवताना शस्त्रक्रियेनंतरच्या नऊ महिन्यांची फिजिओथेरपी त्यात धरावी. शस्त्रक्रियेसाठी गावात वर्गणी निघते. आठवड्यातून तीनदा शहरात जाऊन व्यायाम करून घेण्यासाठी लागणारे एस.टी.चे भाडे मात्र आजवर बापाच्याच खिशातून जात आले आहे.