कशावरून?

दिवाळीनंतरच्या रविवारी सांगलीहून भाचा आला. चहा व्हायच्या आतच त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. "मावशी, हे बघ. दीड वर्षात डॉक्टरेट. सगळं ऑनलाइन. फी साडेतीन लाख, पण हप्ते करून देतात." स्क्रीनवर काळा झगा घातलेला एक तरुण हसत होता आणि खाली परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाचे नाव होते.

भाचा सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्यात, आणि मानधन कधी हाती पडेल याचा नेम नाही. नावापुढे 'डॉ.' लागले की मुलाखतीत आपण पुढे सरकू, एवढाच त्याचा हिशेब. त्याला नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

पण तो हिशेब चुकला आहे, हे मी त्याला तिथेच सांगितले. विद्यापीठ अनुदान आयोगाची 7 नोव्हेंबर 2022 ची पीएच.डी. नियमावली दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. द्यायला मनाई करते. त्याआधी ऑक्टोबरातच आयोग आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद (एआयसीटीई) यांनी मिळून जाहीर केले होते, की परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक कंपन्या चालवतात त्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही. शिवाय जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट परीक्षा पुरते. मग साडेतीन लाख कशासाठी?

"नोकरीचं राहू दे," भाचा म्हणाला, "ज्ञान तर मिळेल ना?"

मी कपाटातून माझ्या प्रबंधाचा पहिला खर्डा काढला. नोकरी सांभाळून मी शिवाजी विद्यापीठात पीएच.डी. केली, विषय सांगलीचा हळद बाजार. शनिवारी साताऱ्याहून कोल्हापूरची एसटी पकडायची आणि लिहिलेले मार्गदर्शक सरांपुढे ठेवायचे. दुसऱ्या प्रकरणात मी बिनदिक्कत लिहून टाकले होते, की हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षे टिकते, कीड लागत नाही. सरांनी समासात लाल शाईने एकच शब्द लिहिला होता: 'कशावरून?'

त्या एका शब्दापायी मी हरिपूरला गेले. पेवात उतरून आयुष्य काढलेल्या एका म्हाताऱ्या हमालाने मला समजावले. तोंडावरची माती काढायची, पेव काही तास उघडे ठेवायचे, मग कंदील आत सोडायचा. विझला तर कुणी उतरायचे नाही. "आत वाराच न्हाई बाई, किडा जगंल कशावर?" त्याचे हे उत्तर कुठल्याच पुस्तकात मला सापडले नव्हते. मग 2005 च्या महापुरात पेवांत पाणी कसे शिरले, तेही त्याने दाखवले. अर्ध्या ओळीची अकरा पाने झाली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका तक्त्यातली बेरीज चुकल्याचे दाखवले, तेव्हा माझे हात गार पडले होते. ती चूक दुरुस्त करून मगच पदवी मिळाली.

आमच्या साताऱ्यातल्या आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव घातले गेले. हेच पुढचे बाबासाहेब. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा लंडनचा प्रबंधही परीक्षकांनी आधी फेरफारासाठी परत पाठवला होता. डी.एस्सी. मिळाली ती 1923 मध्ये. तो प्रबंध पुस्तकरूपाने निघाला तेव्हा त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले मतभेदही मोकळेपणी नोंदवले. मतभेद असलेल्या जाणत्या माणसापुढे आपले म्हणणे टिकवून दाखवायचे, हीच डॉक्टरेटची किंमत आहे असे मी मानते. हप्ते भरून घेणाऱ्याला गिऱ्हाईक नाराज करून कसे चालेल? तो समासात 'कशावरून' लिहीलच याचा भरवसा काय?

घरबसल्या शिकण्याला माझा विरोध नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने 1989 पासून शेतात, कारखान्यात, चुलीपुढे राबणाऱ्या कितीतरी जणांना पदवीपर्यंत नेले आहे. आणि आपल्या विद्यापीठांत सगळे आलबेल आहे असेही मी म्हणणार नाही. विद्यार्थ्याला महिनोन् महिने दारात उभे करणारे मार्गदर्शक आहेत, उचलेगिरी करून बांधलेले प्रबंध आहेत. त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण नोकरी करणाऱ्याला वाट बंद नाही. आयोगाच्या त्याच नियमावलीत अर्धवेळ पीएच.डी.ची सोय आहे. नोकरीच्या ठिकाणचे ना हरकत पत्र लागते, आणि किमान तीन वर्षे द्यावी लागतात.

भाचा खर्डा चाळत बराच वेळ बसला होता. जाताना तो पिशवीत घालून सांगलीला घेऊन गेला.

तुमच्या घरात कुणी अशा हप्त्यावर सही करायला निघाले असेल, तर आधी तीन गोष्टींची चौकशी करा: मार्गदर्शक कोण, प्रबंध तपासणार कोण, आणि इथल्या कुठल्या विद्यापीठाने ही पदवी ग्राह्य धरली आहे. उत्तरे लेखी मागा. ती मिळेपर्यंत एक रुपयाही भरू नका.