टोड लेनवरचा तराजू

म्युझियम म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? तलवारी, नाणी, कुठल्यातरी राजाचा अंगरखा. मी जे म्युझियम बघून आलो त्यात यातलं काही नाही. पिंपांवर टाकलेली एक फळी, एक तराजू आणि पिठाची पोती. आत शिरल्याबरोबर मनात आलं, अरे, हे तर आपल्या गावचं सोसायटीचं दुकान! आणि गंमत म्हणजे नातं खरोखरच तेच आहे.

मँचेस्टरला काही दिवस मुक्काम होता. तिथून ट्रामने रॉचडेलला जाता येतं. एकेकाळी इथे घराघरात लोकरीचं फ्लॅनेल विणलं जायचं, मग कापडाच्या गिरण्या आल्या, आणि पुढे त्याही गेल्या. लालबाग-परळ बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. टोड लेन या जुन्या रस्त्याचा एक छोटासा दगडी तुकडा आता उरलाय. शेजारी चर्च, एक पब आणि ३१ नंबरची विटांची इमारत. सगळं म्युझियम बघायला तासभर पुरतो.

गोष्ट अशी. १८४४ साल. विणकरांची मजुरी घसरलेली, पगारवाढीसाठी केलेला लढा फसलेला. दुकानदाराकडे उधारी, आणि उधारी असली की तोंड बंद. तो पिठात खडूची भुकटी मिसळो नाहीतर मापात मारो, बोलायची सोय नाही. अशात २८ जणांनी दर आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकत २८ पौंड जमवले, गोदामाचा तळमजला वर्षाला १० पौंड भाड्याने घेतला आणि २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी स्वतःचं दुकान उघडलं. माल किती? थोडं लोणी, २५ किलोच्या आसपास साखर, ३०० किलोभर पीठ, ओटच्या पिठाचं एक पोतं आणि काही मेणबत्त्या. बस्स! गिरणीतली पोरं बाहेर उभी राहून हसत होती म्हणे. आज जगभरातल्या सहकारी संस्था ज्या तत्त्वांचं नाव घेतात, त्यांचं मूळ या फळीवर आहे.

इथपर्यंतची गोष्ट आपण शाळेत थोडीफार वाचलेली असते. मला नवीन होतं ते पुढचं. सहकारी दुकान काढणारे हे पहिले नव्हतेच. याच टोड लेनवर १८३३ मध्ये एक दुकान निघालं होतं आणि उधारीपायी दोनेक वर्षांत बुडालं होतं. या २८ जणांनी त्यातून धडा घेतला. नियम केले. व्यवहार रोखीने, ओळखीचा असला तरी उधार नाही. माल शुद्ध, माप पुरं. भांडवल कितीही असो, माणशी एकच मत. बाईलाही मत, तेही नवऱ्याच्या नावावर नाही, स्वतःच्या. नफा ज्याच्या-त्याच्या खरेदीच्या प्रमाणात. दर तिमाहीला हिशेब सभासदांपुढे. आणि काही वर्षांनी नफ्यातला अडीच टक्के हिस्सा शिक्षणासाठी, म्हणजे वाचनालय आणि वर्गांसाठी.

ही माणसं संत नव्हती. त्यांनीच पुढे काढलेल्या गिरणीत बाहेरचे भागधारक वाढले आणि १८६२ मध्ये कामगारांचा नफ्यातला वाटा मतदान करून बंद केला गेला. म्हणजे नियम राखायला माणसं जागी नसली की रॉचडेलमध्येही तेच होतं!

त्या तराजूपुढे उभं राहून मला आठवली ती आमच्या आत्याची मुदत ठेव.

घरातल्यांना सगळं ठाऊक आहे, त्यामुळे पतसंस्थेचं नाव लिहीत नाही. मी तिथला सभासद होतो. आत्याने विचारलं होतं, "तू आहेस ना रे तिथे? मग बघितलंच असशील सगळं." मी म्हटलं, "हो, चांगली आहे." काय बघितलं होतं मी? वर्षातून एकदा सभेला जायचो. हजेरीपटावर सही, अहवालाची चोपडी बगलेत. व्यासपीठावरून विषय वाचला जायचा आणि मागून आवाज, "मंजूर, मंजूर!" त्यातला एक आवाज माझाही असायचा. मग चहा, बटाटेवडा आणि भेट म्हणून स्टीलचा डबा. संचालकांच्या पाहुण्यारावळ्यांना दिलेली कर्जं थकल्याची ओळ त्याच चोपडीत छापलेली होती. संस्था बंद पडल्यावर मी ती शोधून वाचली. आणि बँकेतल्या ठेवींना असतं तसं विम्याचं कवच पतसंस्थेतल्या ठेवींना नसतं, हेही मला तेव्हाच कळलं. आत्याने मला एका शब्दाने दोष दिलेला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

आपल्याकडे सहकार बुडाला की आपण पुढाऱ्यांना शिव्या घालतो. घालाव्यातच, त्यांनी कमावल्यात त्या. पण माझं मत असं की पुढारी हिशेब लपवतात त्याआधी कितीतरी वर्षं सभासदांनी तो बघणं सोडलेलं असतं. प्रवरानगरच्या कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात पहिला ऊस गाळला, तेव्हा विखे पाटलांच्या जोडीला धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष म्हणून होता. आकडे नीट बघणारं कुणीतरी हवं, हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं. १९६० च्या सहकार कायद्यानेही सभासदाला कागदपत्रं बघायचा हक्क दिलाय. आपण तो डब्यावर सोडून दिला.

म्हणून मला ते म्युझियम आवडलं. तिथे कुणाचा भव्य पुतळा बघायला मी थांबलो नाही, थांबलो तराजूपाशी. तराजू गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवायचा असतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि गिऱ्हाइकाने त्याच्याकडे बघायचं असतं, हा दुसरा अर्धा भाग आपण विसरलो.

असो. लांबलं जरा. सध्या मी आमच्या हाउसिंग सोसायटीचा अहवाल पेन्सिल घेऊन वाचतोय. दोन आकडे जुळत नाहीयेत. कदाचित बेरजेची साधी चूक असेल. पण यंदाच्या सभेत "मंजूर" म्हणायच्या आधी उभा राहून विचारणार आहे. लोक हसतील थोडे. टोड लेनवर तरी कुठे हसले नव्हते!