हॅमस्टरसाठी चार बाय दोन

वाढदिवसाला हॅमस्टर आणायचा बेत आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घरांत आता वरचेवर ठरतो. कुत्रा म्हटलं की सोसायटीत कुरबुर होते, मांजर शेजारच्यांच्या ओट्यावर चढतं, मासे हातात घेता येत नाहीत. मग मुठीत मावणारा, गालांत दाणे कोंबून बसणारा हा प्राणी सोयीचा वाटतो. दुकानदार त्याच्यासोबत गुलाबी नाहीतर निळा पिंजरा देतो. दोन मजले, एक प्लास्टिकची घसरगुंडी, वीतभरही नसलेलं चाक, तळाला मूठभर भुसा. लांबी जेमतेम फूट-सव्वा फूट. आज या पिंजऱ्याबद्दलच लिहायचं आहे, कारण पाळलेल्या हॅमस्टरच्या बहुतेक हालांची सुरुवात तिथेच होते.

हा प्राणी मुळात कुठला, ते आधी पाहू. दुकानांत मिळणारा मोठा सोनेरी हॅमस्टर हा सीरिया आणि तुर्कस्तानच्या सीमेवरच्या शेतांतला. १९३० साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळच्या शेतातून एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली. जेरुसलेममधले सॉल अ‍ॅडलर हे संशोधक काळा आजारावर काम करत होते. हा आजार बिहार-बंगालने किती सोसलाय ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांना प्रयोगांसाठी हॅमस्टर हवे होते. त्या एका वेतातली जी जगली, त्यांच्यापासून प्रयोगशाळांतले आणि पुढे घराघरांतले जवळपास सगळे सोनेरी हॅमस्टर आले. म्हणजे माणसाच्या घरात येऊन या जातीला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. कुत्र्याने हजारो वर्षांत माणसाचं जगणं अंगवळणी पाडून घेतलं, तसं हॅमस्टरचं झालेलं नाही. त्याचं शरीर अजून त्या शेतातलंच आहे. तो जमिनीत सरासरी दोन फूट खोल बीळ खणतो, त्यात झोपायची आणि धान्याची जागा वेगवेगळी ठेवतो, आणि एकटा राहतो. पिंजऱ्यात चाक दिलं तर एका रात्रीत काही किलोमीटर पळतो.

अशा प्राण्याला सव्वा फुटाच्या पिंजऱ्यात ठेवलं की तो गज चावायला लागतो. रात्री अकरानंतर सुरू होणारी ती करकर अनेक घरांत ऐकू येते. ‘दात घासतोय’ असं मुलांना सांगितलं जातं. दात झिजवायला त्याला लाकडाचा तुकडा पुरतो. एकाच जागी उभं राहून तासन् तास गज चावणं हे कोंडलेपणाचं लक्षण आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी चार मापांचे पिंजरे घेतले: १,८०० चौरस सेंटिमीटरपासून १०,००० चौरस सेंटिमीटरपर्यंत. गज चावणं चारही मापांत दिसलं, पण लहान पिंजऱ्यांत ते जास्त वेळा आणि जास्त वेळ चाललं. लहान पिंजऱ्यातले हॅमस्टर आपल्या घरट्याच्या छपरावर जास्त वेळा चढायचे. खाली जागा पुरत नव्हती, म्हणून तेवढीच आणखी जमीन. आपल्याकडचा रंगीत पिंजरा या प्रयोगातल्या सगळ्यात लहान मापाहूनही पुष्कळदा लहान असतो.

त्याच विद्यापीठाचा आदल्या वर्षीचा प्रयोग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. तिथे बदललं ते तळाच्या थराचं माप: १०, ४० आणि ८० सेंटिमीटर. दहा सेंटिमीटरवाले हॅमस्टर सर्वांत जास्त गज चावत होते आणि चाकावरही जास्त पळत होते. ऐंशीवाल्यांत गज चावणं दिसलंच नाही. चाक फिरतंय म्हणजे प्राणी खूश आहे, असं आपण धरून चालतो. खणायला मिळालं नाही तर हॅमस्टर उरलेल्या एकाच कामाला लागतो, हे या प्रयोगाने दाखवलं. व्यायाम म्हणजे नुसतं चाक नाही. खणणं, दाणे शोधणं, ते गालांतून वाहून नेणं, लपवणं, हा त्याचा रोजचा व्यायाम. मजले वाढवून तो मिळत नाही. त्याला सलग जमीन आणि खोली लागते.

आता जागेचं. ‘आम्हीच वन आरकेत राहतो, त्याला कुठून देऊ?’ हा प्रश्न मला मनापासून पटतो. उल्हासनगरात बॅरेकच्या एका खोलीत पडदा लावून दोन संसार झाले, बदलापुरात कर्ज काढून तीनशे चौरस फूट घेतलेली कुटुंबं आहेत. पण आपलं घर लहान असलं तरी आपण सकाळची लोकल पकडून सीएसएमटीपर्यंत जातो, मुलं शाळेत जातात, संध्याकाळी बाजारात चक्कर होते. हॅमस्टरला त्या पिंजऱ्याबाहेर काहीच नाही. दोन-तीन वर्षांचं त्याचं अख्खं आयुष्य तिथेच जातं. म्हणून त्याची जागा आपल्या खोलीशी तोलून ठरवता येत नाही.

जर्मनीतले प्राणिकल्याणाचं काम करणारे पशुवैद्य हॅमस्टरसाठी किमान १०० बाय ५० सेंटिमीटर जागा सांगतात. आपल्या हिशोबात चार बाय दोन फूट धरा. हे आपल्या भागात बनवून घेणं सोपं आहे. आठ बाय चारच्या एका प्लायमधून चार बाय दोनचा तळ, तेवढ्याच दोन लांब बाजू आणि दोन बाय दोनच्या दोन आडव्या बाजू बरोबर निघतात. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात, नाहीतर गल्लीतल्या सुतारकाकांकडे हे कापून मिळतं. समोरच्या बाजूचा वरचा भाग काढून तिथे अ‍ॅक्रिलिकचा पत्रा लावा, आतून सनमायका लावा म्हणजे लाकूड मूत्र शोषणार नाही, वर जाळीची चौकट ठेवा. जाळी वरच हवी, बाजूला नको. बाजूला असली की पुन्हा चावणं आलं.

त्याच सुताराकडचा भुसा मात्र आणू नका. त्यात प्लायचा गोंद असतो, देवदारासारख्या लाकडातले उग्र वासाचे घटक असतात, बारीक धूळ श्वासात जाते. कापूसही नको. जीन्सच्या कारखान्यांतल्या चिंध्या आपल्याकडे फुकटात मिळतात, त्या तर मुळीच नकोत: त्यांचे दोरे पायाला गुंडाळले जातात, गालात अडकतात. बिनछपाईचा कागद, टिश्यू, सुकं गवत यांचा दाबून भरलेला थर चांगला. संपूर्ण पेटीत एक फूट थर द्यायचा तर दोनशेहून जास्त लिटर माल लागतो, खर्च परवडणार नाही. म्हणून अर्ध्या भागात एक फूट खोल, उरलेल्या भागात चार बोटं. दर आठवड्याला सगळं उपसून धुवायची गरज नाही. हॅमस्टर साधारण एकाच कोपऱ्यात लघवी करतो, तेवढा कोपरा बदलायचा. सगळं उपसलं की त्याची बिळं आणि वासाच्या खुणा एकदम जातात, आणि तो बिचारा पहिल्यापासून सुरुवात करतो.

चाक मोठं हवं. पळताना पाठ सरळ राहिली पाहिजे. मोठ्या जातीला व्यास २८ सेंटिमीटर, बुटक्या जातीला २०. पट्टी सलग हवी, गजांची नको, त्यांत पाय अडकून मोडतो. पारदर्शक प्लास्टिकचा गोळा घेतला असेल तर बाजूला ठेवून द्या. हॅमस्टरला दूरचं नीट दिसत नाही, तो मिशांनी आणि वासाने रस्ता काढतो. गोळ्यात दोन्ही बंद, हवा कोंडलेली, आणि दमल्यावर बाहेर पडायची सोय नाही. त्यापेक्षा रात्री, त्याच्या वेळेला, कोरड्या बाथरूमच्या फरशीवर दोन पुठ्ठ्याचे खोके ठेवून त्याला अर्धा तास सोडा, मोरीचं तोंड झाकून.

‘एकटा कंटाळेल, जोडी घ्या’ असं दुकानात हमखास सांगतात. सोनेरी हॅमस्टरच्या बाबतीत हे ऐकू नका. मोठे झाल्यावर ते एकमेकांना गंभीर जखमा करतात. नर-मादी असतील तर सोळा दिवसांत पिल्लं, आणि मग दोनाचे दहा कुठे ठेवणार?

उन्हाळा हा आपल्या पट्ट्यातला खरा धोका. एप्रिल-मेमध्ये बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि हॅमस्टरला विशी-पंचविशीच्या आसपास बरं वाटतं. वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, खिडकीत पेटी ठेवणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. घरातल्या सगळ्यात थंड भिंतीला ती लावा, आत कडप्प्याचा नाहीतर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, तो त्यावर पोट टेकून पडतो. वीज गेली तर गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूला. तो निपचित पडला, तोंडाने धापा टाकू लागला तर गार पाण्यात बुडवू नका. सावलीत, ओलसर कापडावर ठेवून लगेच डॉक्टरांकडे न्या.

कायद्याचंही बोलायला हवं. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० मधल्या कलम ११ प्रमाणे हालचालीला पुरेशी लांबी, रुंदी, उंची नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा गुन्हा आहे. शिक्षा पहिल्या वेळेला दहा ते पन्नास रुपये दंड, एवढीच. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आले, त्यांत हॅमस्टरचा नावाने उल्लेख आहे आणि दुकानाला राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. आपण दुकानात नोंदणीचं प्रमाणपत्र मागायला लागलो पाहिजे. संकोच करू नका, तो ग्राहकाचा अधिकार आहे. आणि घरात आठ चौरस फूट निघत नसतील तर हॅमस्टर आणू नका, मुलं रुसली तरी.

ज्यांच्याकडे तो आधीच लहान पिंजऱ्यात आहे, त्यांनी येत्या रविवारी पेटीचं काम काढावं. नव्या पेटीत जुन्या पिंजऱ्यातलं घरटं आणि थोडा थर तसाच टाका, म्हणजे त्याला आपला वास सापडतो. दोन-तीन दिवस हात लावू नका. पहिल्या रात्री तो भिंतीकडेने फेऱ्या मारत राहील, क्वचित घाबरून बसेल. खणायला लागला की दाणे वाटीत देणं बंद करा आणि थरात पेरून द्या.