धुमसत्या जमिनीचा हिशेब

2015 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियातल्या सुमात्रा आणि कालिमंतानमधली पीटजमीन धुमसत राहिली. त्या धुराने माणसे किती दगावली? एका अभ्यासाचा अंदाज 1,00,300, दुसऱ्याचा 11,880, आणि सरकारी आकडा दोन अंकी. एकाने दीर्घकाळच्या परिणामांसह हिशेब केला, दुसऱ्याने अल्पकाळच्या संपर्काचा. त्यामुळे तफावत समजण्याजोगी आहे. पण दोन्ही गणितांचा पाया एकाच प्रश्नावर उभा आहे: मुळात धूर निघाला किती?

हे उत्सर्जन काढायचे सूत्र 1980 पासून पाठ आहे. जळालेले क्षेत्र, हेक्टरी इंधन, त्यातला जळालेला वाटा आणि उत्सर्जन गुणांक (किलोभर इंधनातून किती वायू निघतो तो) यांचा गुणाकार. गवताळ माळावर ते बऱ्यापैकी चालते. पीटमध्ये मात्र इंधन पायाखाली असते: हजारो वर्षे पाण्यात अर्धवट कुजलेला पाला आणि लाकूड. ओले असेपर्यंत ते पेटत नाही. मध्य कालिमंतानमध्ये 1990 च्या दशकाच्या मध्यावर सुमारे 10 लाख हेक्टरांवर भातशेती करायची म्हणून कालवे खणले गेले. भात काही पिकला नाही, जमीन तेवढी सुकली.

1997 च्या एल निनोच्या दुष्काळात ती पेटली. त्या वर्षी इंडोनेशियात 0.81 ते 2.57 गिगाटन कार्बन हवेत गेल्याचा अंदाज निघाला. वरची मर्यादा खालचीच्या तिपटीहून जास्त! तेव्हा जळालेल्या थराची जाडी सरासरी 51 सेंटीमीटर धरली होती. 2006 च्या आगीनंतर विमानातून लायडारने, म्हणजे लेसर किरणांनी, मोजली, तर सरासरी 33 आली, तीही 18 च्या फरकाने. पीटची घनता साधारण 0.1 ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर धरली, तर खोलीतली 10 सेंटीमीटरची चूक हेक्टरी 100 टन सुक्या पीटची होते. शिवाय त्याच जागी आग पुन्हा लागली की ती पहिल्याइतकी खोल जात नाही. दरवर्षी एकच खोली धरणारे प्रतिमान इथे हमखास फसते.

उपग्रहही फारसा मदतीला येत नाही. त्याला ज्वाळा दिसते. कमी तापमानावर, धुराच्या पडद्याआड धुमसणारी आग अनेकदा निसटते.

गुणांकांची कथा तर अधिक मासलेवाईक. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या 2013 च्या पुरवणीतले पीटचे प्रमाणित गुणांक सुमात्राच्या पीटच्या प्रयोगशाळेतल्या ज्वलनावर बेतलेले होते. 2015 मध्ये कालिमंतानच्या प्रत्यक्ष धुरात मोजणी झाली, तेव्हा मिथेन निम्म्याहून कमी भरला आणि कार्बन मोनॉक्साइड 39 टक्के जास्त. तरीही जुने आकडे अहवालांत गृहीत धरले जातात, आणि बहुतेकदा त्यांचा उगम छापलाही जात नाही.

उत्सर्जनयादी तयार करणाऱ्यांनी निदान दोन गोष्टी आकड्याशेजारी लिहाव्यात: कोणती खोली धरली आणि गुणांक कुठून घेतला. मुंबईतही हा प्रश्न परका नाही. जानेवारी 2016 मध्ये देवनारच्या कचराभूमीला लागलेली आग वरून विझल्यासारखी दिसत असताना पोटात धुमसत होती. तिच्या धुराचे गणितही पृष्ठभागाच्या हेक्टरांवरून सुटत नाही.