प्रयोगाचा निकाल आणि सरकारी शिफारस

कोरोनाच्या सांथीचा विषय आतां शिळा झाला, असें समजणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. त्या सांथीनें राज्यकारभाराची एक खोड उघड केली. ती सांथीबरोबरच गेली, असें मानण्यास आम्हांस आधार दिसत नाहीं.

बऱ्या झालेल्या रोग्याच्या रक्तांतील प्लाझ्मा नव्या रोग्यास दिल्यास त्यांतील प्रतिपिंडें रोगाशीं झगडतील, ही कल्पना तर्कास धरून होती. परंतु तर्क म्हणजे प्रमाण नव्हे. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें २०२० सालीं देशांतील ३९ रुग्णालयांत ४६४ रोग्यांवर रीतसर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें रोग्यांचे दोन गट पाडले. प्लाझ्मा मिळालेल्या २३५ पैकीं ४४ जणांचा रोग गंभीर अवस्थेस गेला किंवा त्यांस मृत्यु आला. न मिळालेल्या २२९ पैकीं ४१ जणांची तीच गति झाली. म्हणजे लाभ कांहींच दिसला नाहीं. हा निकाल ऑक्टोबरांत प्रसिद्ध झाला. नोव्हेंबरांत परिषदेनें सरसकट वापराविरुद्ध सूचना काढली, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण उपचारांच्या अधिकृत यादींतून प्लाझ्मा वगळला गेला तो १७ मे २०२१ रोजीं! मधल्या सात महिन्यांत दुसरी लाट येऊन आदळली, आणि आप्तांच्या शय्येजवळ बसावयाचें सोडून लोक प्लाझ्मादात्याच्या शोधांत वणवण हिंडले.

"मरणोन्मुख माणसास कांहींतरी द्यावयास नको काय?" असें आम्हांस विचारण्यांत येतें. अवश्य द्यावें, पण उपयोगी ठरलेलें द्यावें. डेक्सामेथासोन हें जुनें व स्वस्त औषध घ्या. कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवलेल्या रोग्यांतील मृत्यूंचें प्रमाण त्यानें शेंकडा ४१ वरून २९ वर येतें, हें ब्रिटनमधील प्रयोगानें जून २०२० मध्यें दाखवून दिलें. ज्या कसोटीनें हें औषध उतरलें, त्याच कसोटीस प्लाझ्मा उतरला नाहीं. एक निकाल शिरोधार्य आणि दुसरा बासनांत, हा कोठला न्याय?

दया ही धोरणाची प्रेरणा असावी. ती पुराव्याची जागा घेऊं शकत नाहीं. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक शिफारशीशेजारीं तिचा आधार व फेरविचाराची तारीख छापावी, आणि आधार ढळतांच शिफारस मागें घ्यावी. संशयित उपचार द्यावयाचाच तर तो प्रयोगाच्या चौकटींतच द्यावा. ऐन आजारपणांत ४६४ जणांनीं प्रयोगास संमति दिली ती निकाल कपाटांत पडून राहावा म्हणून नव्हे.