दवाखान्यातली रात्र

परवा नातलगाला भेटायला अकोल्याला गेलो होतो. शेजारच्या खाटेवर ऑपरेशन झालेले सत्तरीचे आजोबा. म्हणाले, "साहेब, दुखनं कमी हाये, पन तीन राती झाल्या, डोयाले डोया नाही. मले घरी धाडा." मुलगा हळूच बोलला, "रात्री बैल सोडायला निघाले होते. भूल डोक्यात गेली का?"

म्हातारपण, ऑपरेशन, औषधे आणि त्यात तुटलेली झोप, यांनी असा भ्रम होतो. बहुधा तो उतरतो; पण डॉक्टरांना लगेच सांगावे, कारण कधी त्यामागे जंतुसंसर्ग किंवा रक्तातले सोडियम कमी होणे असते. वेड लागले म्हणून रडू नये, आणि घरून झोपेची गोळी आणून गुपचूप तर मुळीच देऊ नये. वृद्धांचा गोंधळ तिने वाढतो, पडून खुब्याचे हाड मोडते ते वेगळेच.

झोप मोडते कशाने? गोंगाटाने, हे सगळेच सांगतील. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली वॉर्डात रात्री ३० डेसिबलची मर्यादा सुचवली. आपले साधे बोलणेच साठच्या घरात जाते! २००० सालच्या नियमांप्रमाणे रुग्णालयाभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येते. लग्नाच्या वरातीला ते कोण सांगणार?

पण निम्मा दोष आम्हा डॉक्टरांचा आहे. लघवीची गोळी संध्याकाळी लिहिली की रोगी रात्रभर मोरीकडे खेपा घालतो. स्टिरॉइड सकाळऐवजी रात्री दिले तर टक्क जागा. केसपेपरवर 'दर चार तासांनी बीपी' लिहितो आणि रोगी सुधारला तरी खोडायला विसरतो. मग सिस्टर बिचारी पहाटे दोनला त्याला उठवते, शिव्या तीच खाते. अत्यवस्थ रोग्याला उठवावेच लागते, तिथे वाद घालू नका. मात्र सुधारलेल्याला रात्री अकरा ते पाच निजू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. राऊंडच्या वेळी नातेवाइकांनी बेधडक विचारावे, "डॉक्टरसाहेब, ही गोळी दुपारी चालेल का?" स्वतःच्या मनाने वेळ बदलू नये.

दुखत असेल तर सांगावे. आपला वऱ्हाडी माणूस दात-ओठ खाऊन सोसतो आणि सकाळी "बरं हाये" म्हणतो. दिवसा म्हाताऱ्याला चष्मा, कानाचे यंत्र द्या, खिडकीपाशी बसवा, दुपारभर झोपवू नका. आणि रात्री नऊनंतर पाचजणांनी खाटेभोवती बसून मोबाईलवर गावाकडे तब्येत कळवायची काही गरज नाही. एकजण थांबा, बाकीचे घरी जा.